पाच गाळे, एक बोर्ड: काम नेमके कुठे तोडावे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. कुपवाड एमआयडीसीत तुमचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड जोडण्याचा एक गाळा आहे आणि त्यात एक लहान पिक अँड प्लेस मशीन (बोर्डावर सुटे भाग बसवणारे) व रिफ्लो ओव्हन (सोल्डर वितळवून ते भाग पक्के करणारी भट्टी) आहे. मिरजेतला तुमचा मित्र हाताने सोल्डरिंगचे काम करून देतो, पलूसला एक जण वायरिंग हार्नेस (तारांचे तयार जुडगे) बनवतो, कऱ्हाडला एकाकडे पत्र्याच्या पेट्या आणि पावडर कोटिंग आहे, आणि साताऱ्यात तुमच्यासारखेच मशीन असलेला आणखी एक जण आहे. शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचे महिन्याला दोन हजार नगांचे काम तुमच्यापुढे आले आहे आणि ते एकट्याने झेपणार नाही असे तुम्हाला वाटते. तेव्हा पाचही जणांनी मिळून एक कंपनी काढावी व मोठे मशीन घ्यावे, की ज्याने त्याने आपापल्या जागी राहून काम वाटून घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते कंपनीचा प्रश्न दुसऱ्या पायरीचा आहे. बोर्ड एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात जातो तेव्हा तो ज्या अवस्थेत असतो, त्या अवस्थेत घेणाऱ्याला त्याची पारख करता येते का, हा पहिला प्रश्न. येत असेल तर पाचच काय, सात ठिकाणी काम वाटले तरी चालते. येत नसेल तर एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर वाटलेले कामही बिघडते. गेली एकवीस वर्षे मी मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात हेच काम करतो आहे, पहिली सहा वर्षे दुसऱ्याच्या गाळ्यात आणि पुढे स्वतःच्या. या काळात मोडलेल्या ज्या भागीदाऱ्या मी जवळून पाहिल्या, त्या वरवर पैशावरून मोडल्या. पण पैशाचे भांडण सुरू होण्याआधी कुठल्या ना कुठल्या लॉटमध्ये दोष कुणाचा हे ठरवता आले नव्हते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमच्या बोर्डावरचे सर्वांत लहान भाग ०६०३ मापाचे (सुमारे १.६ मिलिमीटर लांब) असतील तर पुढचे सगळे लागू पडते. त्याहून बारीक भाग असतील, किंवा जिचे टाके (सोल्डरचे जोड) पोटाखाली दडलेले असतात अशी बीजीए चिप असेल, तर ते काम एक्स-रे मशीन असलेल्या मोठ्या कारखान्याकडेच द्यावे. कोरा पीसीबी, म्हणजे भाग न बसवलेला बोर्ड, आपल्याकडे बनवण्याच्या भानगडीतही पडू नये. तांबे खोदणे आणि भोकांना मुलामा चढवणे ही रासायनिक कामे आहेत. त्यांचे सांडपाणी प्रक्रियेशिवाय सोडता येत नाही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेऊन तो व्याप सांभाळणे एवढ्याशा कामाला परवडत नाही. कोरे बोर्ड बाहेरून पॅनेलमध्ये (एका पाटीवर अनेक) मागवावेत आणि आपण जोडणीपासून सुरुवात करावी.

आता थोडा हिशेब करू, कारण 'झेपणार नाही' हे तुम्ही अंदाजाने लिहिले आहे. तुमच्या बोर्डावर १२० एसएमटी भाग (मशीनने थेट पृष्ठभागावर बसवायचे) आहेत असे धरू. दोन हजार बोर्डांचे दोन लाख चाळीस हजार भाग झाले. लहान मशीनचा कागदावरचा वेग सोडून द्या. फीडर (मशीनला रिळातले भाग पुरवणारा) अडकणे, रीळ बदलणे हे सगळे धरून ते तासाला २,५०० भाग खरोखर बसवते असे मानले, तरी ९६ तास लागतात. आठ तासांच्या बारा पाळ्यांत तुमचे मशीन मोकळे होते! मग महिना कुठे जातो? बोर्डावर साधारण ११० टाके हाताने घालायचे असतील, तर दोन हजार बोर्डांचे दोन लाख वीस हजार टाके होतात, आणि पाय कापण्यासकट टाक्याला सहा सेकंद धरले तर एका माणसाच्या जवळजवळ शेहेचाळीस पाळ्या लागतात. तपासणीला बोर्डामागे तीन मिनिटे धरली तर शंभर तास. शिवाय बोर्डावरचे संरक्षक कोटिंग वाळण्याचा आणि पॉटिंगचे (बोर्ड ज्यात बुडवून बंद करतात ते) रेझिन घट्ट होण्याचा वेळ आहेच, त्यात घाई करता येत नाही.

यात एक आकडा बहुतेक जण धरतच नाहीत. काम पाच टप्प्यांत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरातले अठ्ठ्याण्णव बोर्ड पहिल्या फटक्यात बरोबर निघाले, तर शेवटी शंभरातले नव्वदच निर्दोष उरतात. प्रत्येक जण 'माझे काम अठ्ठ्याण्णव टक्के चोख आहे' असे म्हणेल आणि खरेच बोलत असेल, तरीही दोन हजारांतले सुमारे १९० बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर येतील. एका बोर्डातला दोष शोधून काढायला वीस मिनिटे धरली तर त्रेसष्ट-चौसष्ट तास होतात, आणि हे काम तुमच्यातल्या सर्वांत जाणत्या माणसालाच करावे लागते. तुमची अडचण मोठ्या मशीनने सुटणारी नाही. अडचण हाताच्या टाक्यांत, तपासणीत आणि दुरुस्तीत आहे, आणि यातले टाक्यांचे काम तुमच्या मिरजेच्या मित्राकडे आधीपासून आहे.

म्हणून काम वाटावेच, फक्त ते कुठे तोडायचे याला नियम असावा. मी पाळतो तो नियम असा: घेणाऱ्याला मिनिटभरात, साध्या साधनाने, चांगले-वाईट ठरवता येईल तिथेच काम तोडावे. बोर्डावर सोल्डरची पेस्ट छापणे, भाग बसवणे आणि ओव्हनमधून काढणे ही तीन कामे एकाच छपराखाली, सलग व्हायला हवीत. छापलेली पेस्ट तासा-दोन तासांत सुकू लागते, आणि ओल्या पेस्टवर नुसते टेकलेले भाग टेम्पोत घालून नेता येत नाहीत हे तर उघडच आहे. ओव्हनमधून निघालेला बोर्ड मात्र स्थिर असतो. दहापट भिंगाखाली त्याचा प्रत्येक टाका दिसतो, मल्टिमीटरने पुरवठ्याच्या रेषांत शॉर्ट नाही ना हे पाहता येते. तोडण्याची पहिली चांगली जागा ती. दुसरी जागा हाताचे टाके पूर्ण होऊन, बोर्ड धुऊन, पहिल्यांदा वीज देऊन तपासल्यावर. कोटिंग किंवा पॉटिंगच्या अलीकडे तपासणी झालीच पाहिजे, कारण त्यानंतर आत काय आहे ते दिसत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. हार्नेस आणि पेटी ही तर स्वतंत्रच कामे आहेत. हार्नेसला सलगतेची तपासणी पुरते, पेटीला गेज आणि एक नमुना बोर्ड, जो आत बसवून पाहता येतो.

हा नियम मी पुस्तकातून घेतलेला नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका स्टार्टरच्या कामात आम्ही तिघे होतो. एसएमटी माझ्याकडे, हाताचे टाके दुसऱ्याकडे, कोटिंग तिसऱ्याकडे. सुमारे तीनशे बोर्ड दिले, उन्हाळाभर उत्तम चालले, आणि पहिल्या पावसानंतर परत यायला लागले. मोटर मध्येच बंद पडते, फेज नसल्याचा दिवा उगाच लागतो, अशा तक्रारी होत्या. एक बोर्ड भिंगाखाली धरला तर पारदर्शक कोटिंगच्या आत, दोन पायांच्या मध्ये, शेवाळासारखा हिरवा थर दिसला. टाके घालणाऱ्याकडचा नेहमीचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे रसायन) संपला होता म्हणून त्याने दुसरा वापरला होता, जो पाण्याने धुवावाच लागतो. माझ्या पेस्टचा फ्लक्स न धुता चालणारा, तेव्हा आपलाही तसाच असे त्याने गृहीत धरले. कोटिंग करणाऱ्याने समोर आलेल्या बोर्डावर इमानेइतबारे कोटिंग केले आणि त्या फ्लक्समधले आम्ल आत कायमचे कोंडले. विहिरीवर बसवलेल्या पेटीत दिवसा ऊन आणि रात्री दव. बाकीचे काम दमट हवेने केले. तिघांपैकी कुणीही कामचुकारपणा केला नव्हता, तरी तीनशे बोर्ड गेले. कोटिंगच्या आधी बोर्ड धुतलेला आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कुणाच्याच कागदावर नव्हती, आणि भरपाई कुणी द्यायची यावर आमचे दीड वर्ष बोलणे बंद होते.

आता प्रत्येक बोर्डाबरोबर एक कार्ड फिरते, आणि त्यावर पेस्टचे नाव, टाक्याची तार, फ्लक्स, धुण्याचे द्रावण आणि तारीख लिहिलेली असते. यातला एकही शब्द बदलायचा असेल तर आधी फोन करायचा. कथिलाचे मिश्रणही सर्वांनी एकच ठरवावे. जुने ६३-३७ कथिल-शिसे १८३ अंशांना वितळते. शिसेविरहित, तीन टक्के चांदी असलेले मिश्रण २१७ अंशांच्या पुढे. एका गाळ्यात एक आणि दुसऱ्यात दुसरे असेल तर दुरुस्तीवाल्याला सोल्डरिंग आयर्नचे तापमान कशाला धरून लावायचे तेच कळत नाही, आणि मिश्र टाका किती टिकेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आपल्या भागातली सावड तुम्हाला ठाऊक असेलच. आज सगळे मिळून तुझ्या रानात भांगलण, उद्या माझ्या. पाच गाळ्यांची मैत्री ऐकली की माणसाला तीच पद्धत आठवते, आणि पहिले दोन महिने ती चालतेही. पण सावडीत कोणाची पात मागे राहिली हे बांधावरून दिसते. बोर्डावरचे काम तसे दिसत नाही. थंड राहिलेला टाका आणि चांगला टाका नवख्या नजरेला सारखाच भासतो. म्हणून 'चांगला' म्हणजे काय हे आधी ठरलेले असावे लागते. त्यासाठी आयपीसी-ए-६१० हे मानक जगभर वापरले जाते आणि त्यात तीन वर्ग आहेत. साधी ग्राहकोपयोगी वस्तू पहिल्या वर्गात, जिच्याकडून दीर्घकाळ अखंड काम अपेक्षित आहे ती दुसऱ्यात, आणि जिथे बंद पडणे चालणारच नाही ती तिसऱ्यात. तुमच्या स्टार्टरला दुसरा वर्ग धरा. मानकाची छायाचित्रे टेबलासमोर लावा आणि पाचही गाळ्यांतल्या टाके तपासणाऱ्या मुलींना एक दिवस एकत्र बसवून तेच वीस बोर्ड प्रत्येकीला तपासायला द्या. पहिल्या दिवशी निकाल किती वेगवेगळे येतात ते पाहून तुम्हाला धक्का बसेल. माझ्याकडे तर एकीने नापास केलेला बोर्ड दुसरीने नमुना म्हणून बाजूला ठेवला होता.

साताऱ्याच्या मशीनचे काय, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग आहे. दोघांकडे एकच मशीन आहे म्हणून हजार-हजार बोर्ड वाटून घेणे न्याय्य वाटते, पण हिशेबात बसत नाही. चाळीस वेगवेगळे भाग असतील तर चाळीस फीडर लावायला तीन तास आणि पहिला बोर्ड भाग-भाग मोजून पास करायला एक तास, असे चार तास प्रत्येक मांडणीला जातात. हजार बोर्डांच्या लॉटमध्ये ४८ तासांच्या कामावर हे चार तास काहीच नाहीत. शंभराच्या लॉटमध्ये मात्र जेमतेम पाच तासांच्या कामासाठी चार तासांची मांडणी होते. दोन ठिकाणी काम करायचे म्हणजे पेस्ट छापायच्या दोन स्टेन्सिल, दोन ठिकाणी उघडलेली रिळे, दोन ओव्हनची तापमाने जुळवणे आले. त्यातून ओव्हन एकाच बनावटीचे असले तरी त्यांचा स्वभाव एक नसतो. बोर्डाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून प्रत्येकाचा आलेख वेगळा काढावा लागतो.

तरीही साताऱ्याला पूर्ण वगळू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या गाळ्यात पाणी शिरले नाही, पण कामगार घरात किंवा छावणीत अडकले होते, कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली होता, आणि तयार माल असूनही तो बाहेर काढता येत नव्हता. त्या वेळी साताऱ्यात तोच बोर्ड करू शकणारे कुणी असते तर गिऱ्हाईक गेले नसते. तेव्हापासून मी दुसऱ्या गाळ्याला तिमाहीतून एक पूर्ण लॉट देतो, गरज नसली तरी. नुसती फाईल देऊन ठेवली तर ऐन वेळी ती उघडते, पण मशीनचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा निघतो. त्याचा भाव थोडा जास्त पडतो, तो मी विम्याचा हप्ता समजतो. साताऱ्याच्या मित्राला दुसरे एखादे स्वतंत्र उत्पादन पूर्णपणे द्या आणि तुमच्या स्टार्टरसाठी त्याला असे तयार ठेवा. कुपवाडचा गाळा त्याच्या उत्पादनासाठी तसाच तयार राहील.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर एसएमटी कुपवाडला, टाके, धुणे आणि पहिली वीज-तपासणी मिरजेला, हार्नेस पलूसला, पेटी कऱ्हाडला, साताऱ्याचा गाळा पर्यायी, आणि कोटिंग, जुळणी व अंतिम तपासणी पुन्हा कुपवाडला. चिपमधला प्रोग्रामही अंतिम तपासणीतच भरावा. तोवर सगळीकडे कोरी चिप फिरू द्यावी. यात अविश्वासाचा भाग कमी आणि सोयीचा जास्त आहे, कारण प्रोग्रामची आवृत्ती आठवड्याला बदलते आणि पाच ठिकाणी पाच आवृत्त्या असल्या की तक्रारी सोडवता सोडवता पुरेवाट होते. अर्थात मागच्या दाराने कुणी तोच स्टार्टर विकायला काढू नये, हेही त्याने आपोआप साधते.

भागांची खरेदी एकाच्याच नावावर व्हावी. प्रत्येकाने आपापल्या टप्प्याचे भाग आणायचे असे ठरवले की कुणी रिले इथला घेतो, कुणी तिथला, आणि सहा महिन्यांनी रिलेचे संपर्क चिकटले तर कोणत्या लॉटचे हे सांगता येत नाही. नमुना करायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दहा-वीस सुटे भाग आणण्यात काही गैर नाही, मीही आणतो. उत्पादनाला मात्र लॉट क्रमांकाचे लेबल असलेली बंद रिळेच हवीत. घरातल्या कामासाठी जशी वाणसामानाची यादी तसा इथे बॉम, म्हणजे बोर्डाच्या भागांची यादी. त्यात प्रत्येक भागाला मान्य केलेला एक पर्याय आधीच लिहून ठेवा, कारण २०२१ सारखी चिपची टंचाई आली की पर्याय शोधायला वेळ मिळत नाही. माल मोजून द्या आणि मोजून परत घ्या. रेझिस्टर-कपॅसिटरमध्ये मशीन काही भाग उडवणारच, तेवढे दोन-तीन टक्के जास्त द्यावेत. महागड्या चिपचा हिशेब मात्र नगाला नग लागला पाहिजे.

ओलाव्याचेही सांगतो, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा रोजचाच प्रश्न आहे. अनेक चिप ओलावा शोषतात आणि ओव्हनमध्ये आतली वाफ फुगून त्यांना चीर जाते. पाकिटावर एमएसएल ३ (ओलाव्याला किती जपायचे याची पातळी) असे लिहिले असेल तर पाकीट फोडल्यावर १६८ तासांत, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत, ती चिप वापरायची असते. साताऱ्याच्या पावसात गाळ्यातली आर्द्रता साठच्या आत कोण ठेवणार? उरलेले रीळ एका गाळ्यातून दुसऱ्याकडे उघडेच गेले तर घड्याळ कधी सुरू झाले हेही कुणाला ठाऊक नसते. पाकीट फोडल्याची वेळ त्यावरच पेनने लिहायची सवय लावा. पेस्टची बाटली फ्रिजमधून काढून चार तास तरी बंदच राहू द्यावी, नाहीतर थंड पेस्टवर दव धरते. आणि तो फ्रिज फक्त पेस्टचाच असावा. आमच्या पहिल्या गाळ्यात पेस्टशेजारी ताकाचे तांबे असत.

बोर्ड नेण्याच्या पद्धतीकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. मिरजेहून कुपवाडला मोटरसायकलवर, साध्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, मध्ये वर्तमानपत्र घालून आणलेले बोर्ड मी किती पाहिले असतील! साधे प्लास्टिक आणि थर्माकोल घासून स्थिर वीज तयार करतात. ती अंगाला जाणवतही नाही आणि चिपला इजा करून जाते. अशी चिप त्याच दिवशी मेली तर बरे, अर्धवट जखमी झालेली शेतावर जाऊन मरते. काळे वाहक क्रेट आणि चंदेरी पिशव्या घ्या. गुलाबी पिशवी स्वतः वीज निर्माण करत नाही एवढेच, बाहेरून येणारी वीज ती अडवत नाही. मनगटपट्टा आणि टेबलाचे अर्थिंग पाचही ठिकाणी रोज तपासले गेले पाहिजे.

कागदपत्रांबाबत घाबरण्याचे कारण नाही. जीएसटीत जॉबवर्कला कलम १४३ खाली स्वतंत्र तरतूद आहे. काम देणाऱ्या मुख्य मालकाला, म्हणजे ज्याच्या नावावर ऑर्डर आणि खरेदी आहे त्याला, कर न भरता चलनावर माल पाठवता येतो, आणि तो एका जॉबवर्करकडून थेट दुसऱ्याकडेही जाऊ शकतो. माल वर्षभरात परत यायला हवा. न आल्यास पाठवल्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो. आयटीसी-०४ हे विवरण पाच कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. जिग (काम धरून ठेवण्याची वा तपासण्याची साधने) आणि साच्यांना परतीच्या मुदतीचे बंधन नाही, ही आपल्या कामात मोठीच सोय आहे. बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) मात्र नीट पाहून घ्या. एलईडी ड्रायव्हर, अ‍ॅडॅप्टर अशा सक्तीच्या नोंदणीच्या वस्तूंना नोंदणी मिळते ती कारखान्याच्या पत्त्यासाठी. तीच वस्तू दुसऱ्या गाळ्यात पूर्ण करायची असेल तर त्या पत्त्याची वेगळी नोंदणी लागते. तुमच्या उत्पादनांच्या यादीत पुढे अशी एखादी वस्तू आली तर तिची अंतिम जुळणी पक्की एकाच जागी ठेवा आणि बाकीच्यांनी फक्त अर्धवट जुळणी करावी.

पैशाविषयी एकच आग्रह धरतो. सर्वांनी उद्यम नोंदणी करा आणि आपसांत लेखी करार करा, मग ते बालमित्र असोत की मेहुणे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. प्राप्तिकरातही आता असे मुदतीबाहेर थकलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाहीत. गिऱ्हाइकाने थकवले म्हणून मी तुला थकवतो, ही साखळी पाच जणांत सुरू झाली तर सर्वांत लहान गाळा आधी बंद पडतो, आणि तो बहुधा हाताच्या टाक्यांचा असतो. करारात दुरुस्तीचा खर्चही लिहा: दोष ज्या टप्प्यावर सापडला त्याच्या आधीच्या शेवटच्या 'पास' शिक्क्यावर ज्याची सही आहे, खर्च त्याचा. या एका ओळीने तपासणी आपोआप कडक होते.

आता कंपनीचे. सांगलीत बसून पाच जण एकत्र येण्याची भाषा केली की सहकाराचे नाव निघणारच, आणि तुमच्या प्रश्नातही ते ओझरते आहे. साखर कारखान्यात प्रत्येक सभासद ऊसच आणतो, म्हणून वजनकाट्यावर हिशेब मिटतो. तुमच्यापैकी प्रत्येक जण वेगळी वस्तू आणतो आहे. पेटीचे किलो आणि टाक्यांची संख्या एका मापात बसवताना दरवर्षी वाद होईल. मला मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरण जवळचे वाटते. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड आणखी कुठले, कोरीव काम एका हाताचे, पॉलिश दुसऱ्या. पण जवारी, म्हणजे तारांचा नाद, लावणारा एक कान असतो आणि वाद्य त्याच्या नावाने जाते. तुमच्यातही अंतिम तपासणी करणारा आणि गिऱ्हाइकाला उत्तर देणारा एकच असू द्या. या स्टार्टरपुरते ते तुम्ही. पुढच्या उत्पादनाला साताऱ्याचा मित्र. दोन वर्षे असे चालले आणि एखाद्या सामाईक यंत्राची गरज खरोखर भासू लागली, तर केंद्र सरकारच्या लघुउद्योग समूह योजनेत सामाईक सुविधा केंद्रासाठी अनुदान मिळते, त्या वेळी त्यापुरती कंपनी काढता येईल.

राहिला प्रश्न पहिली गुंतवणूक कशात करावी याचा. मोठ्या मशीनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून टेस्ट जिग करा, दोन एकसारखे: एक मिरजेला, एक कुपवाडला. मिरजेला चिप कोरी असल्याने तिथे प्रोग्रामशिवाय जमेल तेवढीच तपासणी होईल. स्प्रिंगच्या पोगो पिनांवर बोर्ड ठेवून झाकण दाबले की पुरवठ्याचे व्होल्टेज, तीन फेजची संवेदना, रिलेचा खटका आणि पाणी संपल्यावर मोटर थांबते की नाही, हे सगळे क्रमाने तपासले जाऊन हिरवा किंवा लाल दिवा लागला पाहिजे, आणि बोर्डाच्या स्टिकरवरचा क्रमांक निकालासह नोंदला गेला पाहिजे. ४१५ व्होल्टचा भाग असल्याने झाकण उघडताच वीज तुटेल असा स्विच त्यात हवाच. जिगबरोबर पाच बोर्ड मुद्दाम बिघडवून ठेवा: एकात डायोड उलटा, एकात रेझिस्टर चुकीचा, एकात सुकलेला टाका, असे. रोज सकाळी पहिल्यांदा तेच पाच लावून पाहायचे. त्यातला एकही हिरवा आला तर त्या दिवशी पिना साफ होईपर्यंत काम सुरू करायचे नाही. पहिला लॉट दोन हजारांचा घेऊ नका. पन्नासचा घ्या, तो पाचही गाळ्यांतून एकदा फिरवा, आणि त्यातले दहा स्टार्टर पावसाळ्याच्या आधी ओळखीच्या शेतकऱ्यांच्या विहिरींवर लावून टाका.